चाक गेलं, पाऊल आलं

आमच्या कारखान्यात एक शिस्त होती. नवीन पंप बसवायचा असेल तर तो गेटवर यायच्या आत जुनी लाइन मोकळी करून ठेवायची. व्हॉल्व्ह बंद, नटबोल्ट सोडलेले, जुना पंप उचलून बाजूला, जागा पुसून स्वच्छ. नवा आला की थेट बसला पाहिजे. रोह्याजवळच्या त्या केमिकल कंपनीत मी ऑपरेटर होतो आणि ह्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता, असं निदान मी घरी सांगत असे.

ह्याच शिस्तीनं एका शनिवारी दुपारी मी घरातल्या कॉम्प्युटरची जुनी लाइन मोकळी केली.

कॉम्प्युटर म्हणजे कंपनीनं भंगारात काढलेला आणि मी आनंदानं उचलून आणलेला एक डबा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या आळीत टीव्ही सगळ्यांकडे होते, कॉम्प्युटर फक्त आमच्याकडे. त्याच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, असा नियम मीच केला होता. त्याला बायकोनं परकराच्या कापडाचं झाकण शिवलं होतं. आणि त्याच्या आत लिनक्स होतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आपापल्या घरी बसून ते लिहिलं होतं आणि जगाला फुकट वाटलं होतं. हे मासिकात वाचल्यापासून मी त्या डब्यासमोर जरा ताठच बसायचो. कोण कुठली माणसं, त्यांनी माझ्यासाठी रोह्यापर्यंत काम पाठवलंय, असं वाटायचं.

लिनक्सचं नवल असं की आतलं यंत्र वेगळं आणि समोर दिसणारा चेहरा वेगळा. यंत्र तेच ठेवून चेहरा बदलता येतो. माझ्याकडे सुरुवातीपासून जो चेहरा होता त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक दातेरी चाक होतं. त्या चाकावर बाण नेऊन टिचकी मारली की सगळी यादी वर उघडायची. चांगलं चाललं होतं. पण पेणला माझ्या मेव्हण्याकडे, म्हणजे बायकोच्या भावाकडे, मूर्ती गुंडाळायला आणलेल्या रद्दीतल्या एका मासिकात मी दुसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाहिलं. त्यात कोपऱ्यात चाकाच्या जागी पाऊल होतं. उघडं, अनवाणी पाऊल. बोटं चारच होती, पण दिवसभर गिअर आणि पंप बघणाऱ्या माणसाला त्या पावलाचं जे वाटलं ते सांगता येत नाही. वाटलं, ह्या घरात कोणीतरी माणूस राहतो.

"तो चेहरा बसवायचा," मी बायकोला सांगितलं.

"आत्ताचा चालत नाही का?"

"चालतो."

"मग?"

मी म्हणालो, "उद्या पेणला जाऊन त्या मासिकाबरोबरची सीडी आणतो. तोवर जुना काढून ठेवतो."

ती स्वयंपाकघरात होती, तिला नीट ऐकू गेलं नसावं. ऐकू गेलं असतं तर तिनं मला थांबवलं असतं, कारण त्या डब्यात मावशींची गाणी होती.

मावशी मागच्या आळीत राहायच्या. कोकणातल्या ज्यू, बेने इस्रायली. त्यांच्या घराण्याचा पूर्वी तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. मुलं, पुतणे, भाऊबंद एकेक करून इस्रायलला गेले. मावशी एकट्या राहिल्या होत्या. आता एका मुलानं तिकीट पाठवलं होतं. त्यांचं नवं वर्ष आमच्या गणपतीच्या आसपास येतं, त्याच्या आत पोचायचं होतं. येत्या बुधवारी निघणार होत्या.

त्यांच्याकडे आईची गाण्यांची वही होती. लग्नाची, बारशाची, मलिद्याच्या, म्हणजे त्यांच्या नवसाच्या, जेवणाला बायका म्हणायच्या ती मराठी गाणी. मागं एका पावसाळ्यात कुंडलिका नदीचं पाणी घरात शिरलं आणि वहीचा लगदा झाला. राहिली ती मावशींच्या डोक्यात होती तेवढीच. बायको म्हणाली, मावशी, तुम्ही म्हणा, मी लिहून घेते. तिनं दोनशे पानी वही आणलीसुद्धा. तिथं मी मधे पडलो.

"कागदावर लिहून काय झालं ते बघितलंस ना? पुरात गेलं. ह्यात टाइप कर. कधी बुडायचं नाही."

शिवाय मावशींच्या नातवंडांना देवनागरी वाचता येत नव्हती, इंग्रजी अक्षरं येत होती. तेव्हा मराठी गाणी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आणि शेवटी चौघा मुलांसाठी चार प्रती छापायच्या, असं ठरलं. वही कोरी राहिली. महिनाभर रोज संध्याकाळी मावशी यायच्या, उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, खुर्चीवर मांडी घालून बसायच्या आणि म्हणायच्या. बायको दोन बोटांनी टाइप करायची.

एके दिवशी भेंड्या चिरता चिरता मावशींना एक गाणं आठवलं. त्यांची आई घाण्याच्या बैलाबद्दल म्हणायची ते. विळी तशीच टाकून त्या धावत आमच्याकडे आल्या, ओल्या हातांनी, आणि एका दमात म्हणून मोकळ्या झाल्या. बायकोनं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, मावशी, कालच्या त्या गाण्याची चाल कशी हो? तर मावशींना पहिला शब्दही आठवेना. डोकं धरून बसल्या. "आलं तसं गेलं बघ गो," म्हणाल्या. "बरं झालं तू पकडून ठेवलंस."

तर हे सगळं ज्या डब्यात होतं त्याचा चेहरा मी त्या शनिवारी काढला. चाकाच्या यादीत सामान बसवायचं आणि काढायचं एक अवजार होतं. त्यात चाकाच्या घराण्यातल्या प्रत्येक नावासमोर मी खूण केली, न वाचता सह्या ठोकाव्यात तसं प्रत्येक वेळी 'होय' म्हटलं, आणि शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. लाइन मोकळी झाली होती. इतकी की पडदा काळा होता. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आणि तिच्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. मासिकात बघून एक शब्द टाइप करायला मी शिकलो होतो, ज्यानं चेहरा उघडायचा. तो टाइप केला. कॉम्प्युटरनं इंग्रजीत सांगितलं की असलं काही इथं नाही.

मग माझ्या लक्षात आलं की नवा चेहरा ज्या अवजारानं बसवायचा तेही जुन्या चेहऱ्याबरोबर गेलं. जुना पंप काढताना क्रेनही त्याच्याबरोबर भंगारात दिली होती.

आणि गाणी? गाणी त्या चेहऱ्यावर होती. डाव्या बाजूला, वरून तिसऱ्या चित्राखाली, कागदाचा कोपरा दुमडलेला दाखवतात तसलं चित्र. मी चेहराच फेकून दिला होता.

संध्याकाळी मावशी आल्या. चपला काढून आत आल्या, बसल्या आणि काळ्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "लाइट गेले काय?"

पंखा फिरत होता.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. सोळा वर्षांच्या संसारात तिला माझ्या तोंडावरून सगळं वाचता यायचं, इंग्रजी अक्षरंसुद्धा.

"गाणी कुठायत?"

"आतच असतील," मी म्हणालो. "म्हणजे असायला पाहिजेत. उद्या सीडी आणली की..."

"असतील की आहेत?"

मी कळफलकावरची धूळ पुसायला लागलो.

मावशी मधे पडल्या. "जाऊ दे गो. परत म्हणते मी. चार दिस हायत अजून. उद्या वही घेऊन बस."

"सगळी म्हणाल हो मावशी," बायको म्हणाली, "पण बैलाचं?"

मावशींनी पदर सारखा केला. काळ्या पडद्याकडे वाकून बघितलं, जणू आत डोकावलं तर दिसेल. मग म्हणाल्या, "ते नाय आता येत. काल जात्याजवळ बसून बघितलं, विळीजवळ बसून बघितलं. भेंड्यापण चिरल्या. नाय आलं."

त्या उठून गेल्यावर बायकोनं ती कोरी वही काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. त्या रात्री मी जेवलो नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं पेणला निघालो. नागोठण्याला आंबा नदी काठोकाठ चालली होती. कासूला गाडी उगाचच थांबली आणि मी खिडकीतून भाताची खाचरं बघत 'असतील की आहेत' हा हिशेब करत बसलो.

मेव्हण्याचा गणपतीचा कारखाना. श्रावण चालू, म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. पाटांवर, फळ्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर मूर्ती, आणि सगळ्यांना डोळे यायचे बाकी. पेणला डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते आणि ज्याचा हात बसलेला असतो तोच ती करतो. तो आखत असताना त्याच्याशी बोलायचं नाही. मेव्हणा आखत होता. मी दाराशी उभा राहिलो. दोन मूर्ती झाल्या, तिसरी झाली. एक बारीक काळी रेघ ओढायची आणि समोरची माती एकदम आपल्याकडे बघायला लागायची. कितीदा पाहिलं असेल हे, तरी प्रत्येक वेळी मी नकळत पाऊलभर मागं सरतो. त्या दिवशी तर माझ्याकडे बघणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती आणि मला प्रत्येकाच्या नजरेत बायको दिसत होती.

"बोला भावोजी," कुंचला ठेवून मेव्हणा म्हणाला. "रविवारी कसं काय?"

"ती सीडी. मासिकाबरोबरची. पाऊल असलेली."

मेव्हण्यानं कान खाजवला. "पाऊल बिऊल काय बघितलं नाय मी. सीड्या होत्या खऱ्या. चकाकतात छान. म्हटलं, प्रभावळीला लावून बघू."

मी वर पाहिलं. कोपऱ्यात एक बैठी मूर्ती होती आणि तिच्या डोक्यामागे, सोनेरी महिरपीच्या बरोबर मधोमध, माझी सीडी चमकत होती. सप्तरंगी. खरं सांगायचं तर त्या जागी ती फार शोभत होती.

"चिकटवलीये?"

"मग काय, टांगून ठेवू? पण मागची बाजू चिकटवलीय. छापलेली. चकचकीत बाजू पुढं." मेव्हण्यानं मूर्तीला हात जोडले, पातळ सुरी घातली आणि सीडी अलगद सोडवली. तिच्या पाठीवर सोनेरी रंगाचा आणि सरसाचा एक थर राहिला. "चालंल?"

"चालली नाही तर तुझ्या बहिणीला इथंच पाठवून देतो कायमची."

मग मी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याला कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं, पण मला कोणाकडून तरी धीर हवा होता. म्हणालो, "तूच सांग, वरचा रंग धुऊन काढला म्हणून काय आतली मूर्ती जाते?"

मेव्हण्यानं ह्यावर मन लावून विचार केला. "प्लास्टरची असंल तर राहते," तो म्हणाला. "शाडूची असंल तर पाण्याबरोबर जाते. तुमची कसली हाय?"

परतीच्या गाडीत मी हाच विचार करत होतो. माझी कसली आहे ते मला माहीत नव्हतं.

दुपारी दोन वाजता बायको आणि मी डब्यासमोर बसलो. तिच्या मांडीवर ती कोरी दोनशे पानी वही होती. मी चकचकीत बाजू धोतराच्या जुन्या मऊ कापडानं पुसली, सीडी आत सरकवली आणि कॉम्प्युटर चालू केला. आतून घरघर आली. पाठीवरच्या सरसामुळे आवाज जरा जड होता, घाटात एसटीचा येतो तसा. मग पडदा निळा झाला, मधे राखाडी चौकट. भाषा विचारली, कळफलक विचारला, मी होय होय करत गेलो. त्याच धुंदीत पुढच्या चौकटीवरही बोट ठेवणार, तेवढ्यात बायकोनं माझं मनगट धरलं.

"थांबा. हे काय विचारतंय ते वाचा आधी."

दोन पर्याय होते. एक, नव्यानं बसवा. दुसरा, आहे त्यात सुधारणा करा. बाण पहिल्यावर होता आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पहिला निवडलात तर आधीचं सगळं पुसलं जाईल. मी ती ओळ तीनदा वाचली. माझ्या बोटाच्या आणि त्या बटणाच्या मधे जेवढी जागा होती तेवढीच मावशींची गाणी शिल्लक होती, असलीच तर.

"आता तुम्ही हात काढा," ती म्हणाली. तिनं स्वतः बाण खाली नेला आणि दोन बोटांनी टाइप करणाऱ्या त्या बाईनं एका बोटानं बटण दाबलं.

मग यादी आली. त्यात पावलाच्या घराण्यातली नावं होती, त्यांच्यासमोर खुणा केल्या. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरायला लागली. कुठल्या कुठल्या वस्तूंची नावं सरसर वर जात होती, शेकड्यांनी. ह्यातली प्रत्येक वस्तू कोणीतरी लिहिली होती. कोणी बर्फाच्या देशात, कोणी नोकरीवरून आल्यावर, कोणी पोरांना झोपवून. आणि त्यांच्यातल्या कोणाच्याही स्वप्नात नसेल की हे सगळं एका मूर्तीच्या प्रभावळीवरून उतरून रोह्यातल्या दोन खोल्यांत येणार आहे. मला एकदम फार लहान वाटलं, आणि ते वाटणं वाईट नव्हतं.

पट्टी भरली. सीडी बाहेर आली, गरम. यंत्र पुन्हा चालू झालं, काळ्या पडद्यावर मी तो एक शब्द टाइप केला, आणि पडदा क्षणभर राखाडी होऊन उजळला. खाली एक लांब पट्टा आला. कोपऱ्यात पाऊल. पट्ट्यावर चार छोट्या चौकटी होत्या. एकीवर टिचकी मारली तर सगळा पडदा रिकामा झाला. दुसरीवर मारली तर परत आला. चार खोल्यांचं घर होतं ते, एका काचेच्या आत. आमच्या दोन खोल्यांपेक्षा दुप्पट.

पण डाव्या बाजूला, जिथं गाण्यांचं चित्र असायचं, तिथं ते नव्हतं.

बायको त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या पानावर आकडा घातला, एक.

डाव्या बाजूला घराचं एक छोटं चित्र होतं. कौलारू वाटावं असं. मला ते दारासारखं दिसलं म्हणून मी टिचकी मारली, दुसरं काही सुचत नव्हतं. खिडकी उघडली. तिच्यात एकाखाली एक नावं होती. ओवाळणी. बारसं. हळद. नवरी. आणि शेवटून दुसरं, बायकोनं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: बैल.

गाणी चेहऱ्यावर नव्हतीच कधी. चेहऱ्यावर होता तो नुसता त्यांच्याकडे बोट दाखवणारा हात. गाणी आतल्या घरात होती आणि मी बाहेर इतका गोंधळ घातला तरी त्या घराला काही कळलंसुद्धा नव्हतं. मी प्लँटमध्ये मोठमोठी यंत्रं पाहिली आहेत, स्फोट पाहिलाय, पण इतकी थोर गोष्ट आजवर बघितली नव्हती. माझ्या मूर्खपणाचा कोणीतरी आधीच विचार करून ठेवला होता. ज्यानं ती घराची भिंत बांधली त्याला माझ्यासारखा माणूस कुठंतरी असणार हे माहीत होतं.

बायको उठली आणि मागच्या दारानं मावशींना बोलवायला गेली. चपला न घालता.

मावशी आल्या, बसल्या. कोपऱ्यातलं पाऊल बघून म्हणाल्या, "हे कोनाचं?" मी काहीतरी समजावायला लागलो, तर बायकोनं हातानंच मला गप्प केलं. तिनं ते गाणं उघडलं आणि वाचायला लागली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, तेही घाईत टाइप केलेलं, त्यामुळे ती अडखळत होती, पहिलीतल्या पोरासारखी.

"उभा घाणा... उभा बैल... उभी सावली दारात..."

मावशींची मान आधी हलली. मग ओठ. पुढची ओळ बायकोनं वाचायच्या आत त्यांच्या तोंडून चालीसकट आली.

"आज शनवार गो बाई, नाय काम ह्या घरात."

आणि मग त्या थांबल्याच नाहीत. डोळे मिटलेले, हात मांडीवर, म्हातारा आवाज वरच्या सुरावर जरा चिरकायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. बैल घाण्याशी उभा आहे, आज जू का नाही म्हणून विचारतोय, घरातली बाई त्याला समजावतेय. पडद्यावर सहा कडवी होती. मावशींनी नऊ म्हटली. शेवटची तीन बायकोनं वहीत लिहून घेतली, नजर मावशींवर, अक्षर न बघता.

रात्री तिनं ती तीन कडवीही टाइप केली. सोमवारी मी फ्लॉपी घेऊन टायपिंग क्लासवाल्याकडे गेलो आणि चार प्रती छापून आणल्या. बुधवारी पहाटे मावशी गेल्या. त्यांच्या पिशवीत कपडे थोडे आणि कागद जास्त होते.

त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसून त्या चार खोल्यांतून उगाच फिरत होतो. अजून नवल ओसरलं नव्हतं. बायको शेजारी तांदूळ निवडत होती. मला वाटलं, आता वातावरण निवळलंय, विचारायला हरकत नाही.

"खरं सांग," मी म्हटलं, "कुठला चेहरा चांगला? आधीचा की हा?"

तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच नीट पडद्याकडे पाहिलं.

"एक ओळ वाचली आणि मावशी गायला लागल्या," ती म्हणाली. "त्यानंतर मी त्यांच्याच तोंडाकडं बघत होते. तुमचं काय बदललं ते मी आत्तापर्यंत बघितलंच नव्हतं."